समुद्र : वीस मिनिटं

आमगावच्या माणसानं समुद्रावर लिहू नये असा एक अलिखित नियम आहे. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, हावडा-मुंबई लोहमार्गावर; मुंबईचा समुद्र गाठायचा तर हजारेक किलोमीटर रेल्वे. आमच्याकडे पाणी म्हणजे तलाव, आणि लाट म्हणजे म्हशीनं पाण्यात अंग टाकलं की उठते ती. त्यामुळे मुंबई-रत्नागिरीकडचे आमचे सोयरे आमच्याकडे मोठ्या कणवेनं पाहतात. पण मी लिहिणार. कारण समुद्राच्या नावाखाली मला फसवण्यात आलं आहे, आणि फसलेल्या माणसाला कुणी अधिकार विचारत नाही.

त्या वर्षी धान विकलं गेलं, हाती चार पैसे आले आणि माय म्हणाली, "बाबू, एकदा समुद्रात पाय बुडवाचे हायेत मले." वय बहात्तर. जन्मात हट्ट हा एवढाच. मी लगेच एका यात्रा कंपनीत पैसे भरून अंदमानची दोन तिकिटं काढली. कंपनीचं नाव सांगत नाही. कारण मी ज्यांच्याशी बोललो त्या प्रत्येकाला ती आपलीच कंपनी वाटली.

जानेवारीत आमगावात शेकोटीपासून हलवत नाही, आणि तिथे माणसं घामाघूम होऊन शहाळी पीत होती. पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून ते श्री विजयपुरम झालं आहे) आम्ही सेल्युलर जेल पाहिलं. सावरकरांच्या कोठडीपाशी मराठी माणूस आपोआप गप्प होतो. आम्हीही झालो. तेवढ्यात टूर मॅनेजरची शिट्टी वाजली. काळ्या पाण्याची शिक्षा भोगणाऱ्याला निदान वेळेची घाई नव्हती!

मग बोटीनं नील बेटावर गेलो. २०१८ पासून हे शहीद द्वीप. तिथल्या किनाऱ्यांची नावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर अशी आहेत. राम, सीता आणि लक्ष्मण चौदा वर्षं पायी हिंडले. त्यांच्या नावाच्या किनाऱ्यांवर आमच्या वाट्याला किती वेळ? छापील कार्यक्रमात स्पष्ट होतं : 'निसर्गनिर्मित दगडी पूल, १०.३० ते १०.५०.' आमच्या आमगावाजवळचं पद्मपूर हे भवभूतीचं गाव, असं आम्ही मानतो. त्याला म्हणे काळ अमर्याद वाटला होता. त्याला टूरच्या गाडीत कुणी बसवलं नसावं.

साडेदहाला आम्ही चाळीसजण लक्ष्मणपूरच्या त्या किनाऱ्यावर उतरलो. समोर पाणीच पाणी. भर भरती! पूल कुठे आहे? मॅनेजरनं हात लांब करून सांगितलं, "तिकडे, त्या खडकाच्या पलीकडे. आहे असं समजा आणि फोटो घ्या." चाळीस मोबाईल वर झाले, न दिसणाऱ्या पुलाचे फोटो निघाले, शिट्टी झाली. माय पदर सावरून पाण्याकडे निघाली होती, तिला परत बोलावलं. तिचे पाय घोट्यापर्यंतसुद्धा भिजले नव्हते.

आता माझा मुद्दा ऐका. समुद्र दिवसातून दोनदा येतो आणि दोनदा जातो, आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. ही काही देवाची लहर नव्हे. चंद्राचा हिशेब आहे आणि तो पक्का आहे. आपला भारतीय सर्वेक्षण विभाग वर्षभराच्या भरती-ओहोटीची कोष्टकं आधीच छापून ठेवतो. म्हणजे त्या दिवशी साडेदहाला पूल दिसणार नाही हे कार्यक्रम छापायच्या आधीच कळण्यासारखं होतं. लग्नाच्या मुहूर्तासाठी आपण तीन पंचांगं चाळतो, आणि समुद्राला भेटायला जाताना मात्र नाश्त्याची वेळ पाहून निघतो!

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "साहेब, चाळीस माणसं, बोटीच्या ठरलेल्या वेळा, म्हाताऱ्यांचे गुडघे. मी काय काय सांभाळू?" खरं आहे. पण मग वीस मिनिटांचा 'पॉइंट' विकू नका. 'समुद्राकाठी उभं राहून परत' असं प्रामाणिकपणे छापा. आम्ही त्याचेही पैसे देऊ.

त्या संध्याकाळी हॉटेलच्या मागच्या दारी भाजी घालायला एक बंगाली बाई आली. या बेटावर पूर्व बंगालातून निर्वासित होऊन आलेल्यांची घरं आहेत, आणि अंदमानला भाजी पुरवणारं बेट म्हणून त्याची ख्याती आहे. मायला बंगाली येत नाही, तिला मराठी येत नाही. पण दूर शेताकडे बोट करून ती "धान" म्हणाली, आणि माय उठून उभीच राहिली. पुण्याला जिथे 'भात' म्हणतात तिथे आम्ही 'धान' म्हणतो म्हणून आजवर आम्हाला हसण्यात आलं आहे. इथे बंगालच्या उपसागरात आमचा शब्द चालू होता! पुढे आमची 'रोवणी' आणि तिचं 'रोआ' हेही जुळलं. 'मावशी' आणि 'मासी' तर जुळलेलेच होते. मोडक्या हिंदीत ठरलं : पहाटे ओहोटी आहे, मासी नेणार.

अंदमानात घड्याळ आपलंच असतं, पण सूर्य आमगावच्या पाऊण तास पुढे. साडेपाचला फटफटलं होतं. पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते, आणि समुद्र पार मागे सरला होता. काल जिथे पाणी होतं तिथे खडक, वाळू आणि जागोजाग साचलेल्या डबक्यांतून समुद्राचा संसार उघडा पडलेला. काळ्या भल्यामोठ्या काकड्यांसारखे पडून राहिलेले जीव, तारामासे, दगडाखाली सटकणारे खेकडे. मासीनं बजावलं, वाळूवर आणि मेलेल्या दगडावर पाय द्यायचा, जिवंत प्रवाळावर नाही. माय लगेच म्हणाली, "समजलं. पऱ्हे तुडवाचे नाहीत."

प्रवाळ म्हणजे दगड नव्हेत, जीव आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांना वाघासारखंच संरक्षण आहे. हे सांगणारा फलक वाचायला वेळ लागतो, आणि पाहून पाय टाकायला त्याहून जास्त. ज्याच्याजवळ वीसच मिनिटं आहेत तो पुलाकडे सरळ धावत सुटतो, आणि त्याच्या बुटाखाली काय गेलं हे त्याच्या फोटोत येत नाही. घाईचे पैसे आपण भरतो, पण तिची किंमत दुसराच कुणी मोजतो.

मी दोनदा घसरलो. माय एकदाही नाही. साठ वर्षं चिखलात उभं राहून रोवणी केलेले पाय ते. बांधीच्या धुऱ्यावरून चालावं तशी ती बोटं रोवत गेली, पुलाखाली पोचली, वर पाहिलं आणि एका डबक्यात पाय सोडून बसली. बोलली काहीच नाही. मीही घड्याळ खिशात टाकलं.

परतलो तेव्हा आठ वाजून गेले होते, नाश्ता उठला होता आणि गाडीत अडतीस माणसं आमच्याकडे रोखून पाहत होती. मॅनेजर म्हणाला, "काका, तुमच्यामुळे एक पॉइंट रद्द झाला." माझी मागणी साधी आहे : छापील कार्यक्रमात जेवणाच्या वेळांशेजारी ओहोटीची वेळ छापा. गुलाबजाम एक कमी द्या, पण तासभर चालू द्या.

आमगावला परतल्यावर शेजारणी जमल्या. एकीनं विचारलं, "काय पाह्यलं व माय समुद्रात?"

माय म्हणाली, "पयल्या दिवशी गेलो तं तो घरी होता, पन दार लावून होतं. दुसऱ्या दिवशी तो बाहेर गेला होता. तवा त्याचं घर पाह्यलं."