माश्या आणि काजवे

चाळिशी उलटली की चष्म्याचा नंबर बदलणार, हे सर्वांनी गृहीत धरलेले असते. डोळ्यांपुढे तरंगणाऱ्या ठिपक्यांविषयी मात्र कोणी आगाऊ सांगितलेले नसते. पांढऱ्या कागदावर, निरभ्र आकाशावर, संगणकाच्या कोऱ्या पडद्यावर एखादा करडा धागा किंवा कोळिष्टक सरकत जाते. रोखून पाहावे तर ते निसटते. नजर स्थिरावली की संथपणे खाली उतरते. उत्तरपत्रिका तपासण्यात ज्यांचे दिवस जातात, त्या आमच्यासारख्यांना तर समोरचा अनुस्वार विद्यार्थ्याचा की आपल्या डोळ्यातला, असा प्रश्न पडतो.

हा आभास नव्हे. डोळ्यातील भिंग आणि दृष्टिपटल यांमधील पोकळी पारदर्शक गराने भरलेली असते. त्यात सुमारे ९८-९९ टक्के पाणी असते आणि उरलेल्या भागातील अतिसूक्ष्म तंतू त्याला आकार देतात. वयाबरोबर हा गर पातळ होतो, तंतूंच्या गुठळ्या होतात आणि त्यांची सावली दृष्टिपटलावर पडते. आपण पाहतो ती ही सावली. पन्नाशीनंतर पुष्कळांच्या डोळ्यांत हा गर दृष्टिपटलापासून सुटू लागतो. मायनस नंबर असणाऱ्यांच्या बाबतीत बरेचदा आधीच.

या सावल्यांची ओळख जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात दृष्टिदोषांचे वर्णन करताना माश्या, डास, केस आणि जाळी दिसण्याचा उल्लेख येतो. युरोपीय वैद्यकातील लॅटिन नावाचा अर्थही 'उडत्या माश्या' असाच आहे. परस्परांपासून इतक्या दूरच्या दोन परंपरांना एकच उपमा सुचावी, यातच त्या अनुभवाचा सच्चेपणा आहे.

आमचा आक्षेप आहे तो आपल्याकडील एका शब्दावर : 'वयोमानानुसार'. हा शब्द उच्चारला की चौकशी संपते. बहुतेक वेळा तो खराही असतो. जुन्या, ओळखीच्या माश्यांची मेंदू हळूहळू दखल घेईनासा होतो. त्या हटवण्यासाठी लेझर किंवा गर काढून टाकण्याची शस्त्रक्रिया उपलब्ध आहे. परंतु या शस्त्रक्रियेनंतर मोतीबिंदू वाढण्याचा आणि क्वचित दृष्टिपटल सुटण्याचा धोका असतो. म्हणूनच 'राहू द्या' हा नेत्रतज्ज्ञांचा नेहमीचा सल्ला शहाणपणाचा आहे.

परंतु माश्या आणि काजवे यांत भेद केला पाहिजे. 'डोळ्यांपुढे काजवे चमकणे' हा आपला वाक्प्रचार येथे शब्दशः घ्यावा. सुटणारा गर दृष्टिपटलाला ओढ देतो तेव्हा प्रकाश नसतानाही लखलखाट दिसतो. असे काजवे नव्याने चमकू लागले, ठिपक्यांची एकाएकी बरसात झाली किंवा नजरेच्या कडेने पडदा ओढल्यासारखे वाटले, तर दृष्टिपटल फाटलेले किंवा सुटलेले असू शकते. पुष्कळदा तसे नसतेही. परंतु ते बाहुली मोठी करून केलेल्या तपासणीतूनच कळते, आणि ती त्याच दिवशी व्हायला हवी. दृष्टिपटलाला वेदना नसते. ते फाटले तरी दुखत नाही, आणि दुखत नाही ते अंगावर काढण्याची आपली सवय तर सर्वज्ञात आहे. वेळेत सापडलेली चीर लेझरने बंदिस्त करता येते. उशीर झाला तर गेलेली दृष्टी पूर्णपणे परत येईलच असे नाही.

वार्धक्याशी जुळवून घेणे हा गुण आहे, असे आम्हीही मानतो. मात्र कशाशी जुळवून घ्यायचे आणि कशाशी मुळीच नाही, हे ठाऊक असल्याशिवाय त्या गुणाला अर्थ नाही. माश्यांना खुशाल उडू द्यावे. काजवे दिसताच मात्र हातातले पुस्तक मिटावे आणि नेत्रतज्ज्ञाकडे जावे.