रेवतीची उंची

काही वर्षांपूर्वी आमच्या पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी एक विषय सुचविला होता. आजची एखादी स्त्री भूतकाळात जाते, किंवा भूतकाळातून एखादा व्हायकिंग योद्धा तिच्या काळात येतो, आणि दोघे प्रेमात पडतात. अशा इंग्रजी कादंबऱ्या तिला मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या शेजारी ठेवून वाचावयाच्या होत्या. मुलगी कारध्याची, वैनगंगेवरचा पूल ओलांडून रोज भंडाऱ्याला येणारी. आम्ही दोघेही हसलो. 'हा विरंगुळा झाला, वाङ्मय नव्हे,' असे सांगून तिच्या हाती रणजित देसाई यांची 'स्वामी' दिली. तिने नेटका प्रबंध लिहिला. मात्र शेवटच्या पानावर एक प्रश्न होता : १७७२ साली थेऊरच्या नदीकाठी मी उभी असते, तर रमाबाईंना काय म्हणाले असते? ते पान विषयांतर म्हणून आम्ही गाळावयास लावले. ती आमची चूक होती असे आज वाटते. ती का, हे सांगण्यासाठी हा लेख.

या प्रकाराची थट्टा करणे सोपे आहे. जोहाना लिंडसे यांच्या 'अन्टिल फॉरएव्हर' (१९९५) या कादंबरीत मध्ययुगीन इतिहासाच्या एका प्राध्यापिकेच्या हाती हजार वर्षांपूर्वीची तलवार येते आणि तलवारीपाठोपाठ तिचा व्हायकिंग धनीही समोर उभा राहतो. डायना गॅबाल्डन यांच्या 'आउटलँडर' (१९९१) मध्ये महायुद्धात काम केलेली परिचारिका उभ्या शिळांच्या वर्तुळातून १७४३ सालच्या स्कॉटलंडात पोहोचते. योगायोगांना तोटा नाही, शृंगारालाही नाही. आक्षेप त्याहून गंभीर आहे. इतिहासातले व्हायकिंग ७९३ साली लिंडिसफार्नचा मठ लुटणारे, माणसे धरून नेऊन गुलाम म्हणून विकणारे होते. त्या बाजारात स्त्रियाही होत्या. प्रेमकथेतल्या नायकाच्या हाताला हे रक्त सहसा लागलेले दिसत नाही.

हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते. कोणतीही ऐतिहासिक कादंबरी वाचताना वाचक कालप्रवासच करीत असतो; पण तो अदृश्य असतो आणि त्याने तोंड उघडावयाचे नसते. कालप्रवासाच्या प्रेमकथेने या मूक वाचकाला, बहुधा स्त्रीवाचकाला, पानावर आणून उभे केले. तिला नाव आहे, शिक्षण आहे, मत आहे. नायक कितीही शूर असला तरी तिच्या प्रश्नांना त्याला उत्तर द्यावे लागते. ऐतिहासिक कादंबरीतल्या नायकावर हा प्रसंग क्वचितच येतो.

ही कल्पना आपल्याला परकी मानण्याचेही कारण नाही. कुशस्थलीचा राजा ककुद्मी आपल्या मुलीसाठी, रेवतीसाठी, वर विचारावयास ब्रह्मलोकी गेला. तेथे गायन चालले होते, म्हणून क्षणभर थांबला. तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली. मनातले सारे वर काळाच्या उदरात गेले. ब्रह्मदेवाने बलरामाचे नाव सुचविले. विष्णुपुराण पुढे सांगते, की जुन्या युगातली रेवती बलरामाला फार उंच वाटली, तेव्हा त्याने नांगराच्या टोकाने तिला खाली आणून आपल्या काळातल्या स्त्रियांएवढी केली. मग विवाह झाला.

पुराणकाराने दोन ओळींत जे उरकले, तोच या वाङ्मयप्रकाराचा गाभा आहे. दोन काळांतली माणसे एकत्र आली, तर कोणाची तरी उंची कमी होते. ती कोणाची, आणि कोणत्या नांगराने, हा प्रश्न समीक्षकाने विचारावा. सुमार कादंबरी नायिकेची बुद्धी छाटते, किंवा नायकाचा काळ धुऊन काढते. चांगली कादंबरी दोघांचीही उंची राखून त्यांच्यातले अंतर सोसते.

मराठीत काळाशी खेळ झाले नाहीत असे नाही. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जाऊन पोहोचतात, जेथे १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. परंतु तेथे प्रश्न लढाईचा आहे, घराचा नाही. घर आहे ते 'स्वामी'त. माधवराव आणि रमा यांचे सहजीवन मराठी वाचकाने १९६२ पासून हृदयाशी धरले आहे. आम्हीही ते गहिवरून शिकवितो. त्या प्रेमाचा शेवट चितेवर होतो. सतीबंदीचा कायदा यावयास अजून सत्तावन्न वर्षे अवकाश होता, हे आम्ही वर्गात सांगत नाही. कारण तसे सांगताच गहिवर आणि विचार यांची गाठ पडते. आमच्या विद्यार्थिनीने नेमकी तीच गाठ घातली होती. रमेच्या निष्ठेचा तिने अवमान केला नव्हता. तिच्याशी बोलावयाचे म्हटले होते, इतकेच.

मग मराठीत आजच्या स्त्रीची आणि गतकाळातल्या योद्ध्याची प्रेमकथा का रुजली नाही? आमच्या मते कारण असे, की व्हायकिंग हा त्या कादंबऱ्यांच्या बहुसंख्य वाचकांचा कोणीच लागत नाही. त्याच्याशी भांडता येते, त्याला हसता येते. आपला योद्धा आपला पूर्वज असतो. त्याची तसबीर भिंतीवर असते. तसबिरीशी कोण भांडणार?

वस्तुतः आपलाही व्हायकिंग आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी १७४२ ते १७५१ या काळात बंगालवर स्वाऱ्या केल्या. अखेर अलिवर्दीखानाने सालिना बारा लाख रुपये चौथाई देण्याचे कबूल केले, तेव्हा त्या थांबल्या. सरकारी घोड्यावर लढणारा तो 'बारगीर'. बंगालीत त्याचा 'बर्गी' झाला, आणि त्याच्या नावाने तिकडच्या आया लेकरांना निजवू लागल्या. गंगाराम नावाच्या कवीने 'महाराष्ट्र पुराण' या बंगाली काव्यात त्या लुटीचे आणि स्त्रियांवरील अत्याचारांचे वर्णन केले आहे. आपल्या बखरींतला पराक्रम तिकडच्या अंगाईतले भय आहे.

नागपूरहून पूर्वेस छत्तीसगढाकडे जावयाचे, तर वैनगंगा ओलांडावी लागते. समजा, असा एक बारगीर आज कारध्याच्या काठी, इंग्रजी अमदानीतल्या त्या ठेंगण्या पुलाशी, आमच्या विद्यार्थिनीला भेटला. भाषा त्यांना पुष्कळशी कळेल. धोका तेथेच आहे. व्हायकिंगची भाषा परकी, म्हणून अंतर निदान ऐकू तरी येते. येथे शब्द ओळखीचे, म्हणून मनही ओळखीचे वाटेल. तो शूर असेल, घरच्या आठवणीने व्याकूळही होईल, आणि बंगालमध्ये काय केले हे तिने विचारल्यावर कदाचित गप्प बसेल. ती त्याच्यावर प्रेम करील का? करीलही. परंतु ते मौन ओलांडून करील की त्याला बोलते करून, यावर ती कादंबरी विरंगुळा ठरेल की वाङ्मय, हे अवलंबून राहील.

ही कादंबरी कोणी लिहावी, हे आम्ही सांगू शकत नाही. शिकविणाऱ्यांच्या हाती एवढेच आहे, की असा प्रश्न विचारणाऱ्या मुलीची उंची आपल्या वर्गात बसावी म्हणून कमी करू नये. आम्ही ती केली. नांगर आमच्याही हातात होता. त्याला आम्ही 'विषयांतर' म्हणत होतो. पुढच्या वेळी 'स्वामी' शिकविताना पहिल्याच तासाला तिचा प्रश्न फळ्यावर लिहावयाचा, असे आम्ही दोघांनी ठरविले आहे. उत्तर आमच्याजवळ नाही. ते वर्गाने द्यावे.