वस्तीच्या आरोग्याची किंमत दिवसाला चौदा पैसे?

14 एप्रिल जवळ आला की आपल्या वस्तीत आरोग्य शिबिर लागते. मोठा बॅनर, त्यावर नगरसेवकाचा मोठा फोटो आणि कोपऱ्यात बाबासाहेब. दोन तास बीपी-शुगर तपासतात, गोळ्यांच्या दोन पट्ट्या हातावर ठेवतात आणि मंडप उठतो. गटार तुंबलेलेच राहते. नळाला गढूळ पाणी येते ते येतेच.

आपण आजारी का पडतो? सवर्ण डॉक्टरांचे उत्तर ठरलेले असते : अज्ञान, अस्वच्छता, व्यसन. आम्हाला हे मान्य नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेचा 2018 चा अहवाल सांगतो की भारतात दलित स्त्रीचे मृत्यूसमयीचे सरासरी वय सवर्ण स्त्रीपेक्षा 14.6 वर्षांनी कमी आहे. साडेचौदा वर्षे! हा स्वच्छतेच्या सवयींचा फरक नाही. वस्ती कुठे वसवली, पाणी कुठपर्यंत आणले, कचरा कोणाच्या दारात टाकला, याचा तो हिशेब आहे. 20 मार्च 1927 ला महाडला लढाई झाली ती पाण्यावरच झाली, हे विसरू नका.

आता सरकारी हिशेब बघा. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात 50 ते 100 घरांमागे एक महिला आरोग्य समिती असते. तिला वर्षाला 5000 रुपये अबंधित निधी मिळतो. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तिला 10,000 रुपये. शंभर घरांची वस्ती धरली तर घरामागे वर्षाला 50 रुपये. दिवसाला चौदा पैसेसुद्धा नाहीत! आणि एवढेही कुठे पोचते? आम्ही फिरतो त्या वस्त्यांत कितीतरी बायांना आपण समितीच्या सदस्य आहोत हेच माहीत नव्हते. सही घेतली होती, कशाची ते सांगितले नव्हते.

काही कार्यकर्ते म्हणतात, हे तुकडे नाकारा, व्यवस्थाच बदला. भावना बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. हा निधी आपण सोडला तर तो सरकारकडे परत जात नाही, दलालाकडे जातो. शिवाय हे दान नाही, आपल्याच कराचा पैसा आहे. संविधानाच्या कलम 47 नुसार सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. कर्तव्याची वसुली करायची असते, त्याचे आभार मानायचे नसतात.

पण केवळ 5000 रुपयांवर समाधान मानणे ही दुसरी चूक. खरा पैसा अनुसूचित जाती घटक योजनेत आहे. तो लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवायचा आणि दुसरीकडे वळवायचा नाही, हा नियम. 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय खात्याचा निधी वळवला गेला, तेव्हा खुद्द खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. आंध्र आणि कर्नाटकने 2013 मध्येच या निधीसाठी कायदा केला. पुरोगामी म्हणवणारा महाराष्ट्र मात्र आपल्याला मोर्चे काढायला लावतो.

आता थोडे आपल्याविषयी. 1972 साली दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून. त्या ब्लॅक पँथरने काळ्यांच्या वस्त्यांत मोफत दवाखाने चालवले, सिकलसेलची तपासणी वस्तीत नेली. हाच सिकलसेल विदर्भात आदिवासींबरोबर आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणात आहे. आपण नाव घेतले, आग घेतली, दवाखाना मात्र तिकडेच राहिला. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत उडतो तो पैसा समितीच्या कित्येक वर्षांच्या निधीपेक्षा जास्त असतो. हे बोलायला कडू आहे, पण आपणच बोलले पाहिजे.

म्हणून तरुणांनो, या जयंतीला एवढे करा. आपल्या वस्तीची समिती कागदावर आहे की प्रत्यक्षात, ते शोधा. तीन वर्षांचा जमाखर्च माहितीच्या अधिकारात मागा. तो बुद्धविहारात, बायांसमोर, मोठ्याने वाचा. निधी कशावर खर्चायचा हे त्या बायांना ठरवू द्या, कारण आजारी लेकरू मध्यरात्री रिक्षात घालून त्याच नेतात. आणि आमदार हार घालायला आला की त्याला घटक योजनेच्या कायद्याबद्दल सर्वांसमोर विचारा.

शिबिर नको, हिशेब हवा. उपकार नको, हक्क हवा.

जय भीम!