म्हणे नॉर्मल आहे!

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक जुनी पळवाट आहे. क्लायंटने बग टाकला आणि तो दुरुस्त करायचा कंटाळा आला, की त्यावर 'वर्क्स अ‍ॅज डिझाइन्ड' असा शेरा मारायचा आणि तिकीट बंद करायचं. म्हणजे काय, तर हा दोष नाहीच, आम्ही ते असंच बनवलंय! ही विद्या आमच्याकडून कुणी शिकलं असेल तर ते गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी. आणि शिकून ते आमच्या फार पुढे गेलेत.

खोटं वाटत असेल तर पावसाळ्यात कुठल्याही सर्व्हिस सेंटरला जा आणि सांगा की हेडलाइटच्या आत वाफ धरतेय. समोरचा इस्त्रीचा शर्ट कागदावरून मान वर न करता सांगेल, "सर, ते नॉर्मल आहे." फारच चिकाटी दाखवलीत तर गाडीचं मॅन्युअल उघडून बारीक अक्षरातली एक ओळ दाखवेल. माझं भांडण वाफेशी नाही. माझं भांडण या 'नॉर्मल' शब्दाशी आहे.

आता राग मानायच्या आधी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, की तो माणूस अर्धं खरं बोलतोय. हेडलाइट हा हवाबंद डबा नसतो. तो श्वास घेतो. मागच्या बाजूला छोट्या नळ्या किंवा भोकं असतात, काहींवर हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पातळ पडदा असतो. हे मुद्दाम केलेलं असतं, आणि का ते अकरावीच्या फिजिक्समध्ये आहे. समजा दिवा बंद असताना आतली हवा २५ अंशांवर आहे आणि पेटल्यावर ती ६० अंशांवर गेली. हवा साधारण १२ टक्के फुगते. डबा ठार बंद असता तर तेवढाच दाब वाढला असता, आणि ४० सेंटिमीटर लांब, १२ सेंटिमीटर उंच काचेवर (काच म्हणायची आपली सवय, असतं ते पॉलिकार्बोनेट) आतून सुमारे ६० किलोचा जोर आला असता. एक धडधाकट माणूस रोज रात्री काचेला आतून ढुसण्या देतोय असं समजा. किती दिवस टिकेल तो सांधा? म्हणून ही भोकं.

दिवा बंद केला की उलटं होतं. हवा आकसते, बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पावसाळ्यात ती ओलीच असते. २५ अंशांना एका घनमीटर हवेत फार तर २३ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावतं, १५ अंशांना जेमतेम १३. पहाटे काच गार पडली की जास्तीचं पाणी तिच्यावर बसणार. फ्रीजमधून काढलेल्या तांब्यासारखंच. पण हिशोब पूर्ण करा ना! दिव्यात पाच-सहा लिटर हवा धरली, तर एका श्वासात अर्धा-पाऊण लिटर आत येणार. त्यातलं सगळं पाणी जमा केलं तरी ते १५-१६ मिलिग्रॅम भरतं. एका थेंबाइतकंही नाही. तेवढ्याने काचेच्या कोपऱ्यात धुकट पापुद्रा येतो आणि दिवे लावून थोडा वेळ गाडी चालवली की जातो. हे नॉर्मल. शंभर टक्के मान्य. अशा प्रत्येक दिव्याला कंपनीने बदलून द्यावं असं मी म्हणणार नाही.

पण मग दिव्याच्या तळाशी बोटभर पाणी साठलंय, गाडी वळली की ते मत्स्यालयासारखं इकडून तिकडे हलतंय, ते कुठल्या फिजिक्समध्ये नॉर्मल?

आमच्या बुलढाण्याच्या गाडीत हेच झालं. डावा दिवा भरलेला, उजवा कोरडा ठणठणीत. मी पुण्याहून आलो होतो, बाबांबरोबर सर्व्हिस सेंटरला गेलो. (कुठलं ते सांगत नाही, नाव महत्त्वाचं नाही, शब्द सगळीकडे तोच आहे.) "नॉर्मल आहे." मी म्हटलं, दोन्ही दिवे एकाच गाडीचे, एकाच वयाचे, एकाच अंगणात उभे, एकाच पावसात भिजलेले. दोन्ही एकच हवा घेतात. हवेचाच प्रश्न असता तर दोघांनाही झाला असता ना? एकालाच झालाय म्हणजे त्या एकाचा सांधा तरी गेलाय, नाहीतर मागचं झाकण. साधी तुलना आहे, त्याला इंजिनियर लागत नाही. उत्तर: "सर, पावसाळ्यात होतं." मग मी विचारलं, "बरं, किती पाणी झालं की अ‍ॅबनॉर्मल म्हणायचं?" यावर शांतता. "हे नॉर्मल आहे असं जॉब कार्डवर लिहून सही करून द्या." यावर आणखी शांतता, मग मॅनेजर, मग चहा.

शेवटी तीन ईमेल आणि रोज सकाळचे, शेजारी तारीख-वेळ लिहिलेले दोन्ही दिव्यांचे फोटो पाठवल्यावर दिवा बदलून मिळाला. आणि कागदावर काय लिहिलं होतं माहितीये? 'गुडविल'. वॉरंटीत असलेल्या गाडीचा फुटका दिवा बदलला, तो म्हणे मेहेरबानी म्हणून! म्हणजे दोष आमचा नव्हताच, तुमचं तोंड बंद व्हावं म्हणून दिला. मला दिवा मिळाला याचा आनंद आहे, पण त्या दिवशी आमच्या आधी रांगेत देऊळगाव राजाकडचे एक काका होते. त्यांच्या गाडीचंही तेच दुखणं. त्यांनी 'नॉर्मल' ऐकलं, "बरं भाऊ" म्हणाले आणि गेले. ईमेल वगैरे त्यांच्या गावीही नव्हतं. जो भांडतो त्याला गुडविल आणि जो ऐकून घेतो त्याला नॉर्मल, असा हा कारभार आहे.

कुणी म्हणेल एवढ्याशा पाण्याचं काय घेऊन बसलास. त्यांनी एकदा रात्री आमच्याकडे गाडी चालवावी. बुलढाणा शहराला रेल्वे नाही. मुंबईकडून कुणी येणार असलं की मलकापूर गाठायचं, आणि गाडी रात्री दोनला येवो की चारला, आणायला जायचं. वाटेत राजूर घाट. वळणं, पाऊस, वर ढग उतरलेला, आणि खाली उतरलं की सोयाबीन नाहीतर कपाशी भरलेली, मागे ना दिवा ना रेडियम अशी ट्रॉली. इथे हेडलाइट ही शोभेची वस्तू नाही.

आणि घाटातच खरी गंमत होते. तापलेल्या दिव्यावर अचानक गार पावसाचा मारा झाला की आतली हवा झटकन आकसते. हवा यायची वाट मोकळी असेल तर ठीक. ती आमच्या काळ्या मातीच्या धुळीने बुजलेली असेल तर दिवा सांध्यातली जिथे मिळेल ती फट शोधतो, आणि फटीवर तेव्हा हवा नसते, पाणी असतं. तेच आत ओढलं जातं. म्हणजे बोटभर पाणी साठायला भोक मोठं लागतच नाही.

शिवाय हा प्रश्न फक्त माझ्या दिसण्याचा नाही. लो बीमला वरच्या बाजूने एक स्पष्ट कापलेली रेघ असते, तिच्यावर उजेड जाऊ नये म्हणून. काचेच्या आत बसलेला प्रत्येक थेंब स्वतःच एक भिंग असतो. तो उजेड कुठेही फेकतो. माझ्या रस्त्यावरचा उजेड कमी होतो आणि समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यात तो जातो. त्याची काय चूक?

बरं, सर्व्हिस सेंटरने हाकललं की माणूस जातो गॅरेजवर. तिथे 'नॉर्मल' नसतं, तिथे तोडगे असतात. "काई टेन्शन नका घेऊ भाऊ, खालून दोन भोकं पाडून देतो, पानी आपोआप निंगून जाते." जातं खरं, पण त्याच भोकातून पुढच्या डबक्याचं पाणी आणि धूळ आत येते. दुसरा तोडगा म्हणजे सगळीकडून सिलिकॉन थापणे. त्यात श्वासाची नळीही बुजते, आणि व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं. रिफ्लेक्टरवर अ‍ॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो, तो त्याने खराब होऊ शकतो, आणि एकदा गेला की पुसून परत येत नाही. तिसरा तोडगा सगळ्यात भारी: ६०/५५ वॉटचा बल्ब काढून १००/९० वॉटचा टाका, "गर्मीनं सुकून जाते"! त्याने होल्डर वितळतो आणि वायरिंग भाजतं, शिवाय तो बेकायदेशीर. पण मी गॅरेजवाल्याला शिव्या देणार नाही. तो निदान समोरच्याला काहीतरी झालंय हे तरी मान्य करतो.

आता तर एलईडी आलेत. त्यांची उष्णता मागच्या धातूच्या पंख्यांकडे जाते, पुढची काच हॅलोजनसारखी तापत नाही, म्हणून वाफ बसली की लवकर उठत नाही. आणि बऱ्याच गाड्यांत दिवा उघडायची सोयच नाही, अख्खं युनिट बदला. म्हणजे वाफ जास्त वेळ टिकणार, दुरुस्ती महाग होणार, आणि शेरा मात्र तोच जुना!

सरकारी बाजूने बघावं तर तिथेही आनंदच. पीयूसी वेळोवेळी काढावी लागते, धुराची तपासणी होते, ते चांगलंच आहे. पण खासगी गाडीचा दिवा नोंदणीनंतर १५ वर्षं कुणी अधिकृतपणे बघतच नाही. पुण्यात एआरएआय १९६६ पासून आहे, नव्या दिव्याला मान्यता चाचण्या झाल्याशिवाय मिळत नाही. चार पावसाळे आणि आमचे खड्डे खाल्लेल्या दिव्याची चाचणी मात्र माझे बाबाच करणार, रात्री दोन वाजता, राजूर घाटात.

कंपन्यांकडून मला फुकट दिवे नकोत. मला एक आकडा हवाय. दिवा विकण्याआधी त्यावर पाणी मारून, तापवून, गार करून बघणारे तुमचे इंजिनियर आहेत. किती भागावर वाफ चालेल आणि किती मिनिटांत ती गेली पाहिजे, याशिवाय ती चाचणी पास की नापास कसं ठरवता? तोच आकडा मॅन्युअलमध्ये छापा. 'थोडी वाफ सामान्य आहे' यातल्या 'थोडी'ला आम्ही कोडमध्ये मॅजिक व्हॅल्यू सुद्धा म्हणणार नाही, कारण तिथे व्हॅल्यूच नाही.

तोवर माझी मोजपट्टी वापरा. वाफ दोन्ही दिव्यांत सारखी आणि दिवे लावून अर्धा-पाऊण तासात जात असेल तर सोडून द्या. एकाच दिव्यात असेल, ओघळ दिसत असतील किंवा तळाशी पाणी असेल, तर आधी मागचं रबरी झाकण बघा, बल्ब बदलताना ते वाकडं बसतं आणि निम्मी भांडणं तिथेच मिटतात. झाकण नीट असेल तर तक्रार जॉब कार्डवर लिहूनच घ्या, तोंडी नको. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावं लागत नाही. देऊळगाव राजाच्या काकांसाठी ते बुलढाण्यातच आहे.

ता. क. : तांदळाच्या पुरचुंडीबद्दल विचारू नका. सिलिका जेलची पुडी झाकण उघडून एक-दोन दिवस ठेवली तर साठलेली ओल शोषते, पण पुडी आत विसरू नका, ती गरम बल्बला लागेल. आणि वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरची गन हेडलाइटच्या सांध्यावर जवळून मारू देऊ नका, विशेषतः दिवे तापलेले असताना.