फोटोमागची गोष्ट : वर्षातून एकदाच मिळणारा अर्धा तास

रात्रीच्या शहराचा फोटो कधी काढायचा? “रात्री, आणखी कधी!” असंच म्हणाल ना? पण न्यूयॉर्कच्या एका बाईंनी या प्रश्नाचं वेगळंच उत्तर शोधलं होतं : डिसेंबर महिन्यात, संध्याकाळी पाचच्या आत!

त्यांचं नाव बेरेनिस ॲबट. जन्म १८९८ सालचा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. १९२१ मध्ये त्या युरोपात गेल्या, पॅरिसमध्ये फोटोग्राफी शिकल्या आणि तिथे स्वतःचा स्टुडिओही थाटला. १९२९ मध्ये न्यूयॉर्कला येऊन पाहतात तो काय, शहर ओळखूच येईना! जुनी घरं पाडली जात होती, जागोजागी उंचच उंच इमारती चढत होत्या. हे सगळं आत्ताच टिपायला हवं, असं त्यांना वाटलं. चांगला चाललेला स्टुडिओ बंद करून त्या न्यूयॉर्कला राहिल्या.

१९३१ मध्ये तिथे एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी राहिली. तब्बल १०२ मजले! त्या काळातली जगातली सर्वांत उंच इमारत. तिच्या वरच्या मजल्यावरून दिव्यांनी उजळलेलं शहर टिपायचं बाईंनी ठरवलं.

आता अडचण बघा. दिवे कुठले? कचेऱ्यांच्या खिडक्यांतले. पण पाच वाजले की लोक दिवे मालवून घरी निघणार. म्हणजे फोटो पाचच्या आत हवा, आणि तेव्हा अंधारही पडलेला हवा. हे जमणार फक्त वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपास. तेव्हा न्यूयॉर्कला सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. हाती उरतो जेमतेम अर्धा तास!

बरं, फोटो एका ‘क्लिक’सरशी निघणारा नव्हता. एवढ्या कमी उजेडात फिल्मवर चित्र उमटायला कॅमेऱ्याचं झाकण पंधरा मिनिटं उघडं ठेवावं लागलं. तेवढ्यात कॅमेरा जरासा हलला की सगळं पुसट! उघड्यावर वाऱ्याचा त्रास, म्हणून बाईंनी आत खिडकीपाशी कॅमेरा लावला. फसलं असतं तर पुन्हा काढायला वेळच नव्हता.

पण फोटो साधला! त्यात आकाश दिसतच नाही. दिसतात फक्त खाली पसरलेल्या इमारती, त्यांच्या शेकडो उजळलेल्या खिडक्या आणि मधून प्रकाशाच्या ओढ्यासारखे वाहणारे रस्ते. एकदा पाहिलात तर विसरणार नाही.

तेव्हा अमेरिकेत मोठी मंदी होती. शहराचे फोटो काढायला पैसे द्यायला कुणी तयार होईना. पोटापाण्याची कामं सांभाळून बाई आठवड्यातला एक दिवस शहरासाठी राखून ठेवायच्या. अखेर १९३५ मध्ये सरकारी योजनेतून मदत मिळाली, आणि १९३९ मध्ये ‘चेंजिंग न्यूयॉर्क’ हे पुस्तक निघालं.

बाईंनी टिपलेलं पेनसिल्व्हेनिया स्टेशन, काच आणि पोलादाच्या उंच छताचं, १९६३ मध्ये पाडायला घेतलं. आज ते पाहायचं तर असे जुने फोटोच शोधावे लागतात.

तुमच्या गावातही एखादा जुना वाडा, पूल किंवा थिएटर असेल. त्याचा फोटो काढायचा ठरवलात तर कुठे उभे राहाल? कोणत्या वेळी? आधी दोन-तीन दिवस नुसतं बघून या, आणि मगच घरच्यांकडे कॅमेरा मागा!