लागू नसेल ते खोडावे

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी माळ्यावरून दोन वस्तू खाली उतरतात. एक आकाशकंदिलाचा सांगाडा आणि दुसरी माझी पत्र्याची पेटी. सांगाड्याला दरसाल नवा कागद लागतो. पेटीत मात्र तेच जुने कागद असतात. "एकदाचे टाकून द्या ते," असे आमच्या सौभाग्यवती दरवर्षी बजावतात आणि मी दरवर्षी ते पुन्हा नीट रचून ठेवतो. जालन्याच्या कचेऱ्यांत बत्तीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाच्या हातून कागद फेकला जात नाही, हे त्यांना कोण सांगणार!

यंदा पेटीतून एक कोरा छापील अर्ज निघाला. नातीने तो मोठ्याने वाचला, "स्त्री / पुरुष. लागू नसेल ते खोडावे." आणि सहज विचारले, "आजोबा, ज्याला दोन्ही लागू नसेल त्याने काय खोडायचं?"

वाचकहो, हातातली चकली हातातच राहिली. कारण हा प्रश्न मला पूर्वीही एकदा विचारला गेला होता.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शिधापत्रिकेसाठी एक तृतीयपंथी व्यक्ती माझ्या टेबलापुढे उभी राहिली. अर्ज सुवाच्य अक्षरात भरलेला. तेवढी एक जागा कोरी. मी अर्ज परत सरकवला आणि म्हणालो, "एक काहीतरी खोडा." उत्तर आले, "साहेब, कुठलंही एक खोडलं तर खोटं होतं. दोन्ही खोडलं तर चालेल का?" सगळी कचेरी हसली. खोटे कशाला सांगू, मीही हसलो. अर्ज अपूर्ण म्हणून परत गेला. ती व्यक्ती पुन्हा आली नाही.

मी नियमानेच वागलो, असे मनाला समजावता येते. पण नियमाच्या रकान्यांचे काय सांगावे! आमचे जालनेच पाहा ना. गाव कुंडलिकेच्या काठावरून तसूभर हलले नाही; पण १९४८ पर्यंत ते निजामाच्या अमलात होते, १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, १९६० ला महाराष्ट्रात आले आणि १ मे १९८१ ला औरंगाबादेतून निघून स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. गावासाठी एवढे रकाने बदलले. माणसासाठी एक वाढवायला सरकारला किती जड गेले!

निजामाच्या राज्यात १९१९ साली तृतीयपंथीयांसंबंधी एक कायदा झाला होता. संशयितांची नावे वहीत नोंदवायची आणि वहीत नाव असलेला कोणी स्त्रीवेषात रस्त्यावर दिसला, किंवा चारचौघांत नाचला-गायला, तर वॉरंटावाचून धरायचा. म्हणजे अर्जात जागा नव्हती, पण पोलिसांच्या वहीत होती! निजाम गेला, राज्य गेले, तरी हा कायदा तेलंगणात टिकून राहिला. २०२३ च्या जुलैत तिथल्या उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, तोही काही जणांनी स्वतः अर्ज करून दाद मागितली तेव्हा.

आमचा जिल्हा ज्या औरंगाबाद खंडपीठाच्या अखत्यारीत येतो, तिथलीच दुसरी हकीकत. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक गावी अंजली गुरू संजना जान यांनी ग्रामपंचायतीसाठी स्त्रियांच्या राखीव जागेवर अर्ज भरला. छाननीत तो बाद झाला. त्या घरी बसल्या नाहीत, खंडपीठापुढे गेल्या. २०१४ च्या एप्रिलमध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले होते, की आपली ओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी त्यांचा अर्ज ग्राह्य धरला आणि त्याच महिन्यात गावकऱ्यांनी त्यांना निवडून दिले. ज्या प्रश्नावर कचेरी अडली, त्यावर गाव अडले नाही!

पुढच्याच वर्षी साताऱ्याच्या आर्या पुजारी यांना पोलीस शिपाई व्हायचे होते. भरतीच्या अर्जात पुन्हा तेच दोन पर्याय. त्यांनी प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. न्यायाधिकरणाने तिसरा पर्याय ठेवा म्हटले. सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. तिथे कानउघाडणी झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये अर्जात तिसरा रकाना ठेवण्याचे सरकारने कबूल केले. शारीरिक चाचणीचे नियमही २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत करायचे ठरले.

कायदे मोर्च्यांनी, सभांनी बदलतात, असे आपण समजतो. बदलतही असतील. पण इथे पाहावे तो प्रत्येक वेळी परत आलेला एक अर्ज आणि तो घेऊन कोर्टाची पायरी चढणारे एखादे माणूस! अर्ज परत आला की मुकाट्याने घरी जाणारे पुष्कळ असतात. त्यांनी जावे अशीच आम्हा कारकुनांची इच्छा असते.

तुमच्यापैकी कितीतरी जण आज कुठल्या ना कुठल्या खिडकीमागे बसत असतील. कधी असा कोरा रकाना समोर आला, तर अर्ज परत सरकवण्याआधी वरिष्ठांना एक ओळ लिहून विचारा, "याचे काय करावे?" ती ओळ मी लिहू शकत होतो. लिहायला दोन मिनिटे लागली असती. एका घरची साखर, रॉकेल आणि पत्ता त्या दोन मिनिटांत अडकले होते.

नातीला मी हे सारे सांगितले. मी हसलो होतो तेही सांगितले. ती हसली नाही. एवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "तो जुना कागद द्या हो, चकल्यांचं तेल टिपायला!"

"दुसरा देतो," मी म्हणालो आणि तो अर्ज पेटीत सर्वांत वर ठेवला.