फलकावर नाव कोणाचं?



बंदिस्त सार्वजनिक जागी आणि कामाच्या ठिकाणी विडी-सिगारेट ओढायला बंदी आहे. कायदा २००३ चा, नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू. तरी कचेरीच्या जिन्याखाली थोटकं दिसली की आपण ओढणाऱ्याला दोष देऊन मोकळे होतो. जाब विचारायला हवा तो त्या जागेच्या प्रमुखाला. मालक असो, व्यवस्थापक असो की अधिकारी, त्यानं ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक लावायचा, तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव ठळक लिहायचं, ॲश-ट्रे ठेवायचा नाही. आणि तक्रार येऊनही तो हलला नाही तर जितके गुन्हे तितका दंड त्याच्यावर, असं नियमच सांगतात. यात मोठं शहाणपण आहे. मोंढ्यातला हमाल पेढीवर बसलेल्या व्यापाऱ्याला ‘विझवा’ म्हणू शकत नाही. उद्या त्याच दारात त्याला काम मागायचं असतं. तहसीलमध्ये सातबाऱ्यासाठी ताटकळणारी बाई कोणाला हटकणार? दुबळ्याच्या तोंडचं बोलणं कायद्यानं सत्ता असलेल्या माणसावर सोपवलं आहे, आणि नेमका तोच गप्प आहे.

कोणी म्हणेल, आपल्याकडे खरी पीडा तंबाखू-गुटख्याची. खरं आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू खाणारे निघाले, विडी-सिगारेट ओढणारे अवघे ३.८ टक्के. पण खाणाऱ्याचा तंबाखू त्याच्याच तोंडात राहतो. ओढणाऱ्याचा धूर खोलीतल्या सगळ्यांच्या छातीत जातो. इतक्या थोड्यांसाठी बाकीच्यांनी का सोसावं? पंखा धूर फिरवतो, संपवत नाही. व्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा तर मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २ नोव्हेंबर २००१ रोजीच निकाली काढला: न ओढणाऱ्याचा जगण्याचा हक्क आधी.

गरिबाच्या विडीवरच दांडका पडेल, ही भीती मात्र आम्हाला खरी वाटते. मजुराकडून दोनशे रुपये दंड वसूल करायचा आणि साहेबाच्या केबिनकडे पाहायचंही नाही, असं झालं तर तो अन्यायच. कायदा विडी सोडा म्हणत नाही, छपराबाहेर जा म्हणतो. म्हणून आमची मागणी अशी: जालन्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयापासून जिल्ह्यातल्या आठही तहसील कचेऱ्यांपर्यंत आधी फलक तपासा. नाव नसेल तिथल्या प्रमुखाला लेखी जाब विचारा. मग मोंढा, रोलिंग मिलची ऑफिसं, जिनिंग, हॉटेलं. मजुराची पावती त्यानंतर फाडा.